ठोकळेवाले सर

"खालून दाखवा," असं म्हणून सर हात पुढे करायचे. हातात काहीही द्या, ते आधी उपडं व्हायचं. स्टाफरूममध्ये चहा आला की शेवटचा घोट घेऊन ते कपाचं बूड बघत. नवा डस्टर आला, उपडा. कुणाच्या लग्नात मानाचा म्हणून स्टीलचा डबा मिळाला, तिथेच मांडवात उपडा. एकदा मुख्याध्यापकांनी टेबलावरची नवी घंटा आणली तेव्हा ती वाजवायच्या आधी सरांपुढे ठेवली आणि म्हणाले, "घ्या, तुमचं होऊ द्या. मग मी वापरतो."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. अशांना लोक आधी हसतात, मग त्यांची सवय होते, आणि पुढे कधीतरी आपणच कप उपडा करून बघायला लागतो.

शहापूरच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी इंग्रजी. मूळ गाव मुरबाडकडचं, म्हशाजवळ. राहायला मात्र शाळेमागच्या गल्लीत, म्हणजे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली. वर्गात ओरडणं त्यांना जमत नसे. पोरं गोंगाट करायला लागली की ते फळ्याकडे वळून काहीतरी काढायला सुरुवात करत. काय निघतंय ते बघायला वर्ग आपोआप गप्प होई.

मुंबईतल्या कुठल्याशा सोसायटीने एकदा शाळेला जुन्या खेळण्यांची गोण भेट दिली. आत एकमेकांत बसणारे प्लास्टिकचे रंगीत ठोकळे होते, ज्यांवर गोल बटणं असतात ते. खोकी नाहीत, चित्रं नाहीत, सगळी सरमिसळ. सरांनी ती गोण चित्रकलेच्या खोलीत नेली. पोरांनी ठोकळे रचायचे आणि त्यांच्या सावल्या काढायच्या, असा त्यांचा बेत होता. पण त्यात एक तुकडा कशालाच जोडला जाईना. करड्या रंगाचा, नखाएवढा, एका अंगाने वाकलेला, दुसऱ्या टोकाला बारीक भोक. सर तो खिशात घेऊन फिरू लागले. विज्ञानाचे शिक्षक म्हणाले पेनाचा आहे. क्लार्क म्हणाले मिक्सरचा आहे. शेवटी तो माझ्याकडे आला.

मी मोबाइलवर शोधलं तर एक गट सापडला. जगभरची मोठी माणसं, याच ठोकळ्यांच्या नादाला लागलेली. कुणाला अनोळखी तुकडा मिळाला की तो फोटो टाकतो आणि बाकीचे सांगतात, हा अमुक खेळण्यातला अमुक भाग. मी फोटो टाकला. कुणा परदेशी गृहस्थाचं उत्तर आलं, खालून दाखवा. या ठोकळ्यांच्या बुडाला बारीक आकडे कोरलेले असतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दुसरा फोटो गेला आणि तासाभरात उत्तर आलं. जुन्या खेळण्यातल्या एका जहाजावर नांगर ओढायचा रहाट असतो, त्याचा तो दांडा होता.

सरांनी तुकडा तळहातावर घेतला. "म्हणजे याला नाव आहे," ते म्हणाले. पोराला बारशात पहिल्यांदा नावाने हाक मारावी तसा आवाज लागला होता त्यांचा.

तिथून सुरू झालं. आधी ते विचारत, मग हळूहळू सांगायला लागले. चित्रकलेचा डोळा होता. फोटोत तुकड्याची एकच बाजू दिसायची. सर पेन्सिलीने न दिसणारी बाजू कागदावर काढत आणि विचारत, मागून असा दिसतो का? समोरचा चकित होऊन लिहायचा, अगदी असाच. मग सर नाव सांगत. इंग्रजी लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. शाळा सुटली की माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसत. "बाई, जरा सभ्य भाषेत लिहा. माणूस केव्हापासून शोधतोय."

एकदा नागपूरच्या एका हौशी गृहस्थाने मोठ्या आशेने फोटो पाठवला, हा दुर्मीळ तुकडा कुठला? सरांनी उत्तर सांगितलं, "त्यांना लिहा, हे कानात घालायच्या औषधाच्या बाटलीचं बूच आहे. धुऊन ठेवा म्हणावं."

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, डोळखांबकडच्या, अंगणवाडीत पोरं सांभाळण्यात उमर गेलेल्या. त्यांना या प्रकाराचं भारी हसू यायचं. मी गेले की म्हणत, "बाई, घरात यांना ववा कुठला आन जिरं कुठलं ते वळखत नाय. सायबाच्या पोराचा ठोकळा तेवढा वळखतात." सर त्यावर नुसते मान डोलवायचे.

म्हशाच्या जत्रेला मी एकदा त्या दोघांबरोबर गेले होते. लोक बैल बघत होते, वहिनी घोंगड्यांची वीण चाचपत होत्या आणि सर खेळण्यांच्या दुकानापुढे उकिडवे बसून एकेक प्लास्टिकची गाडी उलटी करून तिचं बूड निरखत होते. दुकानदाराचा चेहरा उतरला. त्याने हळूच चहा मागवला आणि म्हणाला, "साहेब, आपला सगळा माल नीट हाय. कागद बी हायत." सरांनी चहा घेतला, कप उलटा करून बघितला आणि एक गाडी विकत घेतली. दुकानदार आम्ही दिसेनासे होईपर्यंत बघत होता.

निवृत्तीनंतर वर्षभरातच डोळ्यांचं सुरू झालं. काचबिंदू. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची. सरांनी ते कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते एका राखाडी रंगावरून. त्या ठोकळ्यांत दोन राखाडी आहेत. सर मला शिकवायचे, जुना म्हणजे चुलीतली राख, नवा म्हणजे भरून आलेलं आभाळ. एका माणसाने जुनं खेळणं दुरुस्त करायला तुकडा मागवायचा म्हणून सरांना रंग विचारला. सरांनी आभाळ सांगितलं, ती राख निघाली. त्या माणसाने तक्रार केली नाही, उलट आभारच मानले आणि शेवटी लिहिलं, फक्त रंग वेगळा आला.

मी ते वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सर माझ्याकडे आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी घरी गेले तर ओट्यावर बसले होते.

"गटावर तुमची वाट बघतायत," मी म्हटलं.

"बाई, मला दिसत नाय." शाळेत कधी न ऐकलेली त्यांची गावची बोली आली. "फोटो असतो तिथे मला धुकं दिसतं. लोकांना खोटं कशाला सांगू?"

आत भांडी घासणं थांबलं. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्या हातातला मोबाइल घेतला. नव्या प्रश्नाचा फोटो होता. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"पोळपाटावानी हाय," त्या म्हणाल्या. "वर पुटकुळ्या नायत, गुळगुळीत. एका अंगाला कान हाय, कढईला असतो तसा."

सरांनी आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाले, "कानाला भोक आहे?"

"हाय."

"आरपार?"

"आरपार नाय वाटत. आत काळं दिसतंय."

सरांनी नाव सांगितलं. मी लिहून पाठवलं. उत्तर बरोबर होतं.

पुढची काही वर्षं हे असंच चाललं. बटणांना वहिनींनी पुटकुळ्या म्हटलं होतं, ते कायमचं झालं. उतरता ठोकळा म्हणजे कौल, चाक म्हणजे चकली, बिजागरी म्हणजे खेकड्याची नांगी. सर त्या स्वयंपाकघरातून वाट काढत बरोबर नावापाशी पोचायचे. कधी भांडणही व्हायचं. "करंजी म्हणतेस, पण पोट कुठल्या बाजूला?" "करंजीला पोट एकाच बाजूला असतं, खाताना बगितलं नाय का कधी?" मी मध्ये बसून हे सगळं इंग्रजीत नेत असे. करंजीचं पोट मला कधीच धड नेता आलं नाही.

एका रविवारी दुपारी केरळातल्या एका आईचा प्रश्न आला. मोठी मुलगी ठोकळ्यांची पवनचक्की बनवत होती, धाकट्याने त्यातलं काहीतरी गिळलं. काय गिळलं ते मुलीला सांगता येत नव्हतं, ती नुसती रडत होती. प्लास्टिक असल्यामुळे एक्स-रेत काही दिसलं नव्हतं. डॉक्टर विचारत होते, तुकड्याला टोक आहे का? आईने दोन फोटो टाकले होते, खोक्यावरच्या पूर्ण पवनचक्कीचा आणि जमिनीवर पसरलेल्या अर्धवट पवनचक्कीचा. गटावर लोक अंदाज करत होते, प्रत्येकाचा वेगळा.

सर ताठ बसले. "डावीकडून सुरू कर," ते वहिनींना म्हणाले. "घाई करू नकोस. काही सोडू नकोस."

वहिनींनी तांदूळ निवडावेत तसे दोन्ही फोटो निवडले. एकदा इकडे बघायचं, एकदा तिकडे. भिंत हाय. दार हाय. पाती हायत. मग त्या थांबल्या. "खोक्यावर पात्यांच्या मधोमध लाल टिकली हाय. खाली पसरलंय त्यात ती नाय."

"केवढी?"

"मसुराएवढी. गोल."

"मागे दांडी दिसते?"

"नाय. बसकी हाय."

सरांनी कागद मागितला. कॅलेंडरचं मागचं पान मिळालं. त्यांनी तो तुकडा आठवणीने मोठा करून काढला, वरून, खालून, बाजूने. कागदाची कड त्यांना दिसली नाही. एक रेघ पानावरून टेबलावर गेली आणि तिथे नीट गोल पुरी झाली. मी शेजारी दुसरं पान सरकवलं. "लिहा," ते म्हणाले, "टोक कुठेच नाही, कड गोल आहे, बूड पोकळ आहे. आणि लिहा की हा आमचा अंदाज आहे, ठरवायचं डॉक्टरांनी."

चित्र गेलं. आईने ते डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मुलाला नजरेखाली ठेवून वाट बघायचं ठरवलं. ते दिवस सर धड जेवले नाहीत. मी दिसले की विचारत, "आलं काही?" एका सकाळी आलं. आईने आभार मानले होते आणि खाली कागदी रुमालावर ठेवलेल्या लाल टिकलीचा फोटो होता.

वहिनींनी मोबाइल लांब धरला आणि तोंड उघडलं.

"याचं वर्णन नको," सर म्हणाले. मग आम्ही तिघं इतकं हसलो की सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी बराच वेळ पुसलं नाही.

मागच्या थंडीत ते गावच्या घरी गेले होते. सकाळी अंगणात उन्हाला बसले होते, वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा गेलेले होते. कुठलं दुखणं नाही, हाक नाही.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी शहापूरला परतल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या ओट्यावर सुपात वाल घेऊन सोलत होत्या. मोबाइल शेजारी होता. मी म्हटलं, "गटावर सरांचं कळवायला हवं. लोक विचारतायत."

"कळवा. पन मागून," त्या म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याचं राहिलंय. गावाला जायच्या आधी ठेवून गेले होते, आल्यावर बगू म्हनून. कवाचा थांबलाय तो."

खरंच होतं. कुठल्या तरी दूरच्या गावातल्या एका आजोबांचा प्रश्न तसाच पडून होता. वहिनींनी हात झटकले, मोबाइल उचलून लांब धरला.

"वाढायचा डाव हाय, पन दांडा तुटलेला. बुडाला चार पुटकुळ्या. कडेला कंगोरा हाय, मोदकाच्या पाकळीवानी."

आणि त्या थांबल्या. मान थोडी कलती करून, सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे. मला वाटतं त्यांना स्वतःलाही क्षणभर कळलं नाही की आपण कशासाठी थांबलोय. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग त्यांनी पदर सारखा केला.

"बाई, मला नाव नाय येत," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तसंच लिवा. कुनाला तरी येत असंल."

मी लिहिलं. डाव, पुटकुळ्या, मोदकाची पाकळी, सगळं जसंच्या तसं, जमेल तसं इंग्रजीत. आम्ही दोघी वाल सोलत बसलो. ऊन ओट्यावरून खाली उतरत होतं तेव्हा कुणीतरी तिकडून नाव कळवलं. मी ते वाचून दाखवलं. वहिनींनी ते कठीण नाव हळूहळू, दोनदा म्हणून पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता यांचं लिवा."