माझ्या तोंडचा परका आवाज

माझ्या सगळ्या नाट्यस्पर्धा उसाच्या गळीत हंगामात आल्या. वडील साखर कारखान्यात पाळीवर, त्यामुळे त्यांनी माझं एकही नाटक पाहिलं नाही. ते निवृत्त झाले तोवर काचबिंदूने त्यांचे डोळे गेले होते. मधल्या काळात मी एक सिनेमाही काढला. तो माझ्याशिवाय फारसा कुणी पाहिला नाही. मग अशी माणसं शेवटी करतात ते केलं. अभिनय शिकवू लागलो. विषय वाचिक अभिनय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडहून शहरात आलो तेव्हा पहिल्याच तालमीत माझ्या ‘न्हाय’ला सगळे हसले होते. ते मी घासून घासून काढलं आणि पुढे शिरोळच्या पोरांचंही काढून दिलं. याला अभ्यासक्रम म्हणतात.

अलीकडे पुण्याच्या एका दिग्दर्शकाने कोल्हापुरात सिनेमा केला. त्यात मला नायिकेच्या बापाचं काम मिळालं. वडिलांना सांगितलं.

“दिसायचं न्हाय, पर ऐकू तर येतंय की,” ते म्हणाले. “जाऊया.” मग त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं.

प्रीमियरच्या आदल्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला.

“सर, छोटीशी गोष्ट. तुमचा आवाज बदललाय. दुसऱ्याकडून डब करून घेतला.”

“का?”

“बाप कोल्हापूरचा वाटत नव्हता.”

“मी ‘न्हाय’ म्हणालो होतो.”

“हो सर, पण ते पाठ केल्यासारखं वाटत होतं. आता डोंबिवलीचा एक मुलगा बोललाय. काय टोन पकडलाय!”

मी वडिलांच्या खोलीत गेलो. ते दाढी करून, नवी टोपी मांडीवर घेऊन बसले होते. प्रीमियर उद्या होता. मी तेवढंच सांगून टोपी खुंटीला अडकवली.

थिएटरच्या दारात येईल त्याला फेटा बांधत होते. डोक्याला फेटा आणि हातात गुच्छ दिला की कोणताही माणूस काहीतरी करून आल्यासारखा दिसतो. वडिलांनी आपल्या डोक्यावरचा फेटा चाचपला. “लगीन कुणाचं हाय?”

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर मी आलो, तोंड उघडलं आणि डोंबिवली बोलली. वडील मान पुढे काढून ऐकत होते. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं, “तू कवा येणार रं?” हळू बोलायची सवय आमच्या घराण्यात नाही.

पुढचा माणूस वळला. “आजोबा, त्योच बोलतोय की समोर!”

“गप बसा, पावणं. माझ्या पोराचा आवाज मला कळत न्हाय व्हय?”

आजूबाजूला लोक हसले. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, “आप्पा, माझं काम कापलं.”

“मोठं काम हाय म्हणालतास न्हवं?”

“होतं.”

“समदं कापलं?”

“सगळं.”

ते मागे टेकून बसले. उठून जाऊ या का, विचारलं, तर म्हणाले, “थांब. त्यो पोरीचा बाप झकास बोलतोय.” शेवटपर्यंत त्यांनी तो ऐकला. मुलीला सासरी पाठवतानाच्या प्रसंगात त्यांनी डोळेही पुसले. तिथे रडलो मी होतो. त्यांना ऐकू आला तो हुंदका डोंबिवलीचा होता.

घरी येऊन मी त्यांचा फेटा सोडवत होतो.

“त्यो गडी कुठला रं?”

“मुंबईकडचा.”

“खोटं नगो बोलू. त्यो आपल्याकडचाच.” फेटा सुटल्यावर म्हणाले, “तुझं कापलं त्ये बरंच झालं. त्याच्यापुढं तू टिकला नसतास.”