कबरीपाशी मागितलेली परवानगी

"आत्या, पप्पा गेले," भाचा फोनवर म्हणाला, आणि मी त्या बिचाऱ्यावरच खेकसले, "गेले म्हणजे? काल संध्याकाळी तर माझ्याशी बोलला!" आयुष्यभर सगळ्यांना विचारून वागलेला माझा थोरला भाऊ जाताना मात्र कुणालाच विचारून गेला नाही. त्याला आता महिना होत आला. राग अजून उतरलेला नाही, आणि रडूही थांबत नाही...

आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं. वाडवडील रेल्वेच्या नोकरीसाठी हैदराबादला आले आणि तारनाक्याच्या बाजूला राहिले. दादाही रेल्वेतच चिकटला. तेलुगू मंडळीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी सकाळी आमची मराठी उपासना असायची, आणि ती दादा चालवायचा. पुढे घरोघर केबल आली, पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली, नव्या कंपन्यांत लागली आणि इंग्रजी उपासना मागू लागली. पाळकांनी, म्हणजे तिथल्या पाद्रींनी, आमचीच वेळ उचलून त्यांना दिली. मराठीवाल्यांनी तेलुगूत बसावं म्हणे! माझं डोकंच फिरलं. थोडी घरं घेऊन मी माझ्याच हॉलमध्ये उपासना सुरू केली. पाळक चिडले. मंडळीच्या कुठल्याही विधीत यापुढं मराठी चालणार नाही, असा त्यांनी हुकूमच काढला. आणि आमचा दादा? तो गुपचूप तेलुगूत जाऊन बसला.

मी त्याच्या घरी जाऊन भांडले. "तुझा विश्वास कुठं गेला रे?"

"विश्वास आहे म्हणून तर ऐकतोय," तो म्हणाला. "मला पटेल तेवढंच ऐकायचं, तर मग ते ऐकणं कसलं, करुणे?"

"ऐकायचं ते देवाचं. या माणसाचं कायकू?"

"...तेच कधीकधी कळत नाही गं." मला वाटलं होतं, बायबलातलं काहीतरी मोठं वचनबिचन ऐकवेल. तसं काही नाही. वहिनीने चहा आणला, तो मी न पिताच निघाले.

त्याच वर्षी आई गेली. तिला तेलुगू जेमतेम भाजीवाल्यापुरतं येत होतं. अंथरुणाला खिळल्यावर तिने दादाचा हात धरून मागितलं होतं की माझ्या कबरीवर मराठीत प्रार्थना कर. दादाने शब्द दिला होता, माझ्यासमोर. आता दफनाला एका बाजूला पाळक आणि तेलुगू मंडळी, दुसऱ्या बाजूला माझी माणसं, आणि मध्ये दादा. माझ्या माणसांनी ठरवूनच ठेवलं होतं, की पेटी खाली सोडली की मराठी गाणं सुरू करायचं, मग काय व्हायचं ते होवो. मी दादाच्या कानाशी म्हटलं, "तू करतोस की मी करू?" त्याने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. "हात जोडतो तुला. आधी मला विचारू दे."

पाळकांचं तेलुगू वाचन संपलं. दादा पुढं झाला आणि सगळ्यांदेखत त्यांना तेलुगूत म्हणाला, "अय्यगारू, आईला मी शब्द दिलाय. एक प्रार्थना मराठीत करू द्या. तुम्ही नाही म्हणालात तर मी गप्प राहीन, आणि माझी बहीणही गप्प राहील." माझ्या वतीने बोलायचा याला काय अधिकार! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मी नुसतं त्याने आवळलेलं मनगट चोळत राहिले. पाळकही तरुणच होते, घामाघूम झाले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. अखेर पाळक पुटपुटले, "चेप्पंडी..." म्हणा. दादाने प्रार्थना केली. एक शब्द गाळला नाही.

घरी आल्यावर मी त्याला धरलंच. "आणि नाही म्हणाले असते तर?"

"तर गप्प बसलो असतो."

"आईला दिलेला शब्द मोडून?"

"हो," तो म्हणाला, आणि हातात तोंड लपवून लहान पोरासारखा रडायला लागला. "मग मरेपर्यंत झोप लागली नसती मला... पण गप्पच बसलो असतो."

हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. आईपेक्षा पाळक मोठा? माझ्या हॉलमधली उपासना पुढं माणसांअभावी बंद पडली, तरी मी त्या देवळाची पायरी चढले नाही. दादाने एकदाही चल म्हटलं नाही.

गेल्या रविवारी मात्र गेले. वहिनी एकटी पडली होती, म्हणून. तिने मला सरळ दादाच्या जागेवर नेऊन बसवलं. खिडकीशेजारचा बाक, ऊन तोंडावर येतं. पाळक आता दुसरेच आहेत. तेलुगू उपदेश लांबला आणि मला उठून जावंसं वाटलं. वहिनीने हळूच "निघायचं का?" विचारलं, तेसुद्धा मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिथं बसायचं मला कुणी सांगितलेलं नव्हतं, जायला कुणी अडवलं नव्हतं. तरी शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत मी दादाच्या जागेवर बसून राहिले.