रेशनकार्डावरची लाल फुली

नर्सबाई गेल्याचं मला कट्टा गावच्या बस थांब्यावर कळलं. तारकर्लीची एक मासेवाली म्हणाली, "बाबल, तुमची नर्सबाय गेली रे." बस आली, गेली… मी तिथंच. त्याला आता महिना होईल. मधे शोकसभा झाली. सेवामूर्ती काय, त्यागमूर्ती काय! बाईंची नोकरी गेली तेव्हा ज्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता, तेच बोलत होते. आणि त्या न बोलणाऱ्यांत पहिला मी.

गोवा पोर्तुगिजांकडे होता तेव्हाची गोष्ट. हद्द ओलांडून आलेली माणसं मालवण बंदराजवळच्या एका रिकाम्या वखारीत उतरवली होती. आल्याआल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं, गरमी, म्हणजे गुप्तरोग, निघाली तर पेनिसिलिनची इंजेक्शनं द्यायची, असा हुकूम. बाई रक्त काढत, मी कारकून म्हणून नोंदी ठेवत असे. पुरुष अडून बसले, बायकांचंच तपासा म्हणाले. बाईंनी आधी स्वतःच्या दंडात सुई टोचून घेतली आणि विचारलं, "रोग काय लुगडां बघून येता रे?" मुकाट रांग लागली.

कुणाला काय निघालं ते दुसऱ्याला कळता कामा नये, ही त्यांची ताकीद. आणि मी काय केलं? इंजेक्शनाचा दिवस चुकू नये म्हणून गरमी निघालेल्या सात जणांच्या रेशनकार्डाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं फुली मारली. स्वतःच्या हुशारीवर खूशही झालो. रेशनच्या दुकानदाराला उमगायला चार दिवस पुरले. त्या सातांत रुक्मिण म्हणून एक विधवा होती, तिला तो भर रांगेत म्हणाला, "गो लाल फुलीवाले, पाठी रव." दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर तिला कुणी कळशी बुडवू देईना.

बाईंनी मला काही विचारलं नाही. पेन्सिल मागितली, वखारीतली सगळी कार्डं गोळा केली आणि एकूण एक कार्डावर फुली मारली. स्वतःच्याही. सकाळी रांगेत पहिल्या त्याच. "आता सांग, कोणाक पाठी धाडतलंस?" दुकानदारानं मान खाली घालून तांदूळ मोजले.

मग वरून साहेब आले. सरकारी कार्डं कुणी खराब केली? बाई म्हणाल्या, मी. पहिल्या सात फुल्या माझ्या, एवढं बोलायला मला एक पाऊल पुढं टाकायचं होतं… टाकलं नाही. म्हातारी आई, लहान मुलं, ही कारणं मी मागाहून जुळवली. बाईंची नोकरी गेली. माझी राहिली, वर बढतीही मिळाली. बाई रुक्मिणीला सोबत घेऊन तारकर्लीत सुईणपण करू लागल्या. एकदा माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "माझ्याकडे कित्याक? रुक्मिणीक सांग." ती समोरच माडांना पाणी घालत होती. मी चहा पिऊन परतलो.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. बाईंच्या खोलीत आता रुक्मिण बसते. बाहेर पडवीत दोन गरोदर पोरी टेकल्या होत्या. मी आवाज खाली घेऊन म्हणालो, त्या फुल्या माझ्या हातच्या. तिनं कात्री उकळायचं भांडं चुलीवरून उतरवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मोठ्यान सांग. तो दुकानदार हळू बोललो नव्हतो."

सांगितलं. पडवीत ऐकू गेलं. पण पडवी लहान आहे, म्हणून इथं लिहितो आहे.