पाय बघणारे डॉक्टर

माधवराव डॉक्टर गेल्याची बातमी त्यांच्या कंपाउंडरनं शाळेत येऊन सांगितली, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "काल तर चांगले चालले होते..." दुसरा कुणी म्हणाला असता, काल तर चांगले बोलले होते. पण डॉक्टरांच्या संगतीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाची तब्येत आम्ही चालण्यावरूनच जोखायला लागलो होतो. आदल्याच संध्याकाळी ते आमच्याकडे चहा पिऊन गेले होते. जाताना नेहमीसारखा उंबऱ्यावरून गरजेपेक्षा उंच पाय टाकला आणि माझ्या बायकोकडे बघून मिस्कील हसले. रात्री झोपेतच गेले. याला आता दीड महिना होत आला, तरी चहाच्या वेळेला माझे कान दाराकडे लागतात.

ते मूळचे हिंगोलीचे, हैदराबादेत शिकलेले. आमच्या डोंगरकडा गावात दवाखाना काढला तेव्हा गावानं त्यांना अर्धवट ठरवलं होतं, कारण हा माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघायचाच नाही, बघायचा पायांकडे! त्यांच्या वडिलांना कंपवात होता. हात थरथरायचे, मग पाय अडखळायला लागले, मग बंदच झाले. "मास्तर, हात थरथरला तर माणूस निभावून नेतो," ते मला म्हणाले होते, "पण पाय थांबला की तो आपल्याच घरात परका होतो." म्हाताऱ्या माणसाचे पाय नेमके कुठं आणि काहून थांबतात, हे शोधायचा त्यांनी ध्यासच घेतला होता. एकदा आठवडी बाजारात एका म्हातारीच्या मागं मागं ते मिरचीच्या ओळीपासून थेट बैलबाजारापर्यंत गेले. तिच्या दोन्ही पोरांनी त्यांची गचांडी धरली. "काय बे, काहून आमच्या मायच्या मागं लागून राहिला?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमच्या मायचा डावा हात चालताना हलत न्हाई. उद्या तिला दवाखान्यात घेऊन या." मी मध्ये पडलो नसतो तर दवाखान्यात आधी डॉक्टरांनाच न्यावं लागलं असतं. म्हातारी मात्र दुसऱ्या दिवशी खरंच आली, आणि निघाली कंपवाताचीच सुरुवात.

पुढं माझ्याच आईला तो आजार जडला. चालता चालता ती मध्येच थबकायची, जमिनीनं पाय धरून ठेवल्यासारखी. गल्लीच्या पलीकडे रंगाऱ्याची बायको खातूनबी राहायची. दोघींची दुपार वर्षानुवर्षं एकत्र जायची, सुपारी कातरत आणि गावभरच्या सुनांना नावं ठेवत. खातूनबीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून तिला गल्ली ओलांडणं होत नव्हतं, म्हणजे जाणं काय ते आईलाच होतं. हाताला धरून नेतो म्हटलं की ती चिडायची. "धरून नेलेली बाई पाव्हणी असती. मला तिथं पाव्हणी म्हणून जायचं न्हाई." तिचे पाय थांबले असते तर ती मैत्रीही थांबली असती, आणि ते तिला आजारापेक्षा जड जाणार होतं.

डॉक्टरांनी आईचं चालणं पाहिलं आणि सांगितलं, "माय पाय घासत चालतात. ठेच लागून पडतील. उंबरा काढून टाका." आई रोज त्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहायची. त्यावर पाय तिनं जन्मात दिला नव्हता, आम्हालाही देऊ दिला नव्हता. ती कडाडली, "उंबरा काहून काढता? त्यानं तुमचं काय घोडं मारलं?" पण आमचा डॉक्टरांवर विश्वास. सुतार आला, उंबरा निघाला. पुजलेलं लाकूड चुलीत घालता येईना म्हणून भिंतीशी उभं केलं. दुसऱ्या दिवशी आई त्या सपाट दारात आली आणि उभीच राहिली. जिथं ती कधी अडली नव्हती, नेमकी तिथंच अडली. चार दिवसांत तिनं खाट धरली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते रोज आमच्या अंगणात येऊन बसायचे, आईला चार पावलं चालवायला लावायचे आणि नुसते बघत राहायचे. एका सकाळी आई अशीच अंगणात अडून उभी असताना माझी बायको चुलीसाठी तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, भारा घेऊन निघाली. भाऱ्यातली एक तुराटी निसटून आईच्या पायापुढं आडवी पडली. आईनं ती पाहिली, पाय चांगला उचलला आणि ओलांडून सरळ पुढं गेली! डॉक्टर ताडकन उठले. "मास्तर, माय उंबरा ओलांडत होत्या म्हणूनच चालत होत्या... आन मी गाढवानं तोच काढला!" त्यांनी भाऱ्यातल्या तुराट्या ओढून अंगणभर, गल्लीभर, खातूनबीच्या दारापर्यंत आडव्या मांडल्या. आई एकेक ओलांडत निघाली. आम्ही श्वास रोखून मागं उभे. आतून खातूनबीचा आवाज आला, "कौन है? ... अगे मा, ये तो तेरेइच पाँवां!" डॉक्टर गल्लीत उभे राहून चक्क रडले. मीही रडलो, उगाच कशाला लपवू.

उंबरा त्यांनी स्वतः उभं राहून परत बसवून घेतला. तुराट्या शेळ्या विस्कटायच्या, म्हणून मग चुन्याचे पट्टे मारले, आणि ते ओलांडत आई पुढची काही वर्षं दुपारी एकटी जात राहिली. डॉक्टरांनी मग घरोघरी म्हाताऱ्यांपुढं पट्टे ओढून पाहिले. कुणाला लागू पडायचं, कुणाला मुळीच नाही. का, ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही, आणि न उमगल्याचं ते मोकळेपणानं सांगायचे. आमच्या उंबऱ्यावरून उंच पाय टाकायची सवय मात्र तेव्हापासूनची. आईची माफी मागायची ती त्यांची तऱ्हा होती.

आई गेली, खातूनबी गेली, आता डॉक्टरही गेले. गल्लीतले पट्टे पावसानं पुसट झालेत. बायको म्हणते, आताशा चालताना माझा डावा हात हलत नाही. मी तिला हसून उडवून लावतो. पण बाजारच्या दिवशी मिरचीच्या ओळीत आलो की माझी चाल आपोआप मंद होते, आणि मी मागं वळून बघतो.