सर्व्हरची रविवारची हजेरी

आमची आत्या एका प्रयोगशाळेचा सर्व्हर सांभाळते. समोरचा जितका घाईत, तितकी ती सावकाश बोलते. "थांबा हं... आधी बघू."

त्या सोमवारी ती चष्मा घरीच विसरली. तो द्यायला मी गेले, तर तिथे नुसता गोंधळ. महिनाभर मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून परवानगी मिळवून तिने रविवारी सर्व्हरला कुलूप लावलं होतं. म्हणजे त्या वेळी चालू असलेल्या सेवांची यादी केली, तेवढेच पोर्ट, म्हणजे सर्व्हरची नंबर घातलेली दारं, उघडे ठेवले आणि बाकीचे बंद केले. आणि आता रक्त तपासणाऱ्या यंत्राचे निकाल सर्व्हरवर पोहोचतच नव्हते! तंत्रज्ञ ताई हाताने आकडे उतरवत होत्या. "अगंऽऽ, बोटं मोडली गं माझी!"

मोठे डॉक्टर शेवटचा शब्द दोनदा म्हणतात. "अकरापर्यंत चालू झालं नाही तर ते कुलूप काढायचं. काढायचं! आणि परत लावायचं नाही. नाही!"

साडेदहा झाले होते.

आत्याने सर्व्हरवरूनच निकाल घेणारी सेवा तपासली. ठणठणीत. शेजारच्या संगणकावरून तपासली. काहीच उत्तर नाही.

"सेवा जागी आहे, दारात अडलंय," ती म्हणाली.

"मग उघडा सगळी दारं! दारं!"

"कुठलं ते तर कळू दे."

तिने सर्व्हरने दारातूनच परत पाठवलेल्यांची नोंद उघडली. रक्ताचं यंत्र दर दहा सेकंदांनी ५६०० नंबरचं दार ठोठावत होतं. रविवारच्या यादीत तो नंबरच नव्हता.

"ताई, काल हे यंत्र चालू होतं?"

"काल कुठलं? दुरुस्तीवाले आले होते ना! ती निकालांची सेवासुद्धा मीच बंद केली होती, आज सकाळी चालू केली."

आत्याने कपाळावर हात मारला. "सुट्टीच्या दिवशी हजेरी घेतली मी!"

तिने ते एकच दार उघडलं, तेही फक्त त्या यंत्रासाठी. निकाल धडाधड येऊ लागले. ताईंनी पेन फेकलंच.

डॉक्टर मात्र नोंदीकडे वाकून बघत होते. "आणि हे बाकीचे कोण? कोण?"

"बाहेरचे, इंटरनेटवरून. ओळखीचं कुणीच नाही. सकाळपासून चारशेवर येऊन गेलेत."

"आणि हे आधीही यायचे? यायचे?"

"यायचे की. तेव्हा दारं उघडी होती."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं. "कुलूप राहू दे. हा बघा, दर मिनिटाला येतोय. याला काय हवंय?"

आणि पहिल्यांदाच शेवटचा शब्द एकदाच म्हणाले.