एका ताटातले दोन केक

“याच्यात अंडं तर नाही ना गं पोरी? मार्गशीर्ष पाळून राहिली मी.”

मामीच्या ओळखीच्या एका आजींनी हे माझ्या मामेबहिणीला विचारलं, आणि आठवीतल्या त्या मुलीने पैसे घेता घेता सांगून टाकलं, “नाही आजी, चलो, घ्या ना.”

मी टेबलामागे कागदी रुमालांच्या घड्या घालत उभी होते. माझ्या मते ते सगळ्यात सुरक्षित काम होतं. घड्या घालणाऱ्या माणसाशी कोणी बोलत नाही. बहिणीच्या शाळेच्या मैदानात त्या दिवशी मुलामुलींनी केक-बिस्किटांची विक्री मांडली होती. मिळालेल्या पैशांतून मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या बाहेर, पेशंटसाठी थांबून उघड्यावर झोपणाऱ्या नातेवाइकांसाठी कांबळी घ्यायची होती. थंडी चांगलीच पडली होती. ऊन पाठीवर घेत सगळे निवांत फिरत होते, आणि मलाही, बोलावं लागत नव्हतं तोवर, छान वाटत होतं.

अडचण एवढीच होती, की केक दोन होते. मामीने घमापुरला तिच्या घरी कुकरमध्ये बिनअंड्याचा केला होता. मी आमच्या घरी दोन अंडी घालून केला होता. बहिणीने दोन्ही कापले, मोडके तुकडे आम्हा दोघींना खायला ठेवले आणि चांगले सगळे एकाच ताटात रचले. मामीचा केक बसका होता, माझा फुगलेला. आजींनी उचललेला तुकडा उंच होता.

मी आजूबाजूला पाहिलं. बाकी प्रत्येक टेबलावर ‘एगलेस’ लिहिलेलं होतं. आता बोलले, तर त्या एका तुकड्यावर भागणार नव्हतं, सगळं ताट वाया जाणार होतं. शिवाय या हिंदी शहरात वाढल्यामुळे माझं मराठी घरातल्या चार माणसांपुरतं; अनोळखी माणसासमोर वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. ते जुळेपर्यंत तुकडा आजींच्या तोंडाजवळ पोचला होता.

“आजी, नका खाऊ. त्यात अंडं आहे.”

त्यांनी तुकडा खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. “अन् बाकीचे?”

“काही बिनअंड्याचे आहेत. पण एकाच ताटात...”

“मग झालंच की.” त्यांनी तुकडा रुमालात बांधला. “नातवाला नेते. पैसे राहू दे. महिना संपला की घरी येते तुमच्या, तेव्हा मी खाईन. दोन खाईन.”

त्या हसत गेल्या. मागच्या दोन बायका मात्र ऐकून न हसताच पुढच्या टेबलाकडे वळल्या.

“दीदी, वर्षभर तोंड उघडत नाहीस,” बहीण दबक्या आवाजात म्हणाली, “अन् आजच काहून उघडलं?” तिचे डोळे भरले होते. “कोण घेईल आता? सगळ्यात कमी पैसे आमच्याच टेबलाचे होणार.”

“तू ‘नाही’ काहून म्हणालीस?”

“घाईत निघालं तोंडातून.”

ताट जवळजवळ भरलेलं होतं.  एवढ्यात हातात हेल्मेट घेतलेले एक गृहस्थ, कुणाचे तरी वडील असावेत, पुढे जाऊन परत आले.

“दीदी, सच में अंडेवाला है?” त्यांनी मलाच विचारलं. मी मान हलवली. “तो चार दे दो. बाकी सब खाके देख लिया, भूसा है भूसा.”

तिथेच उभं राहून त्यांनी एक खाल्ला, बोटं चाटली आणि लांबच्या कोणाला तरी हात करून बोलावलं. बहिणीने डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. ती सुटे पैसे शोधण्यात अडकली होती, म्हणजे ओरडायचं काम माझ्याकडेच आलं होतं. या वेळी वाक्य जुळवावं लागलं नाही. मी रुमाल ठेवले, ताट दोन्ही हातांनी वर उचललं आणि मैदानभर ऐकू जाईल असं म्हणाले,

“अंडेवाला केक! पूरे स्कूल में सिर्फ़ हमारे पास! अंडेवाला!”