पहिल्या रांगेतले एकोणीस

बाबांच्या गावच्या शाळेचा इतिहास जपायचा, असं माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ठरलं. जुनी दप्तरं वाळवीनं आधीच वाचून संपवली होती, म्हणून सगळी भिस्त आठवणींवर. तेव्हा शाळा मारुतीच्या देवळात भरायची. कोण कुठं बसायचं, याचा नकाशा हवा होता. मी स्थापत्य अभियंता, म्हणजे नात्यातली फुकट नकाशे काढणारी. बाबांचे गुडघे नाही म्हणाले, मग मी निघाले.

पुण्याहून पहाटेच्या एसटीनं जालना, तिथून दुसरी एसटी राजूरला. बायकांना अर्धं तिकीट. धक्के मात्र पूर्ण. जाणार असाल तर चतुर्थी टाळा, गणपतीच्या गर्दीत बसमधून उतरताही येत नाही. देवळासमोर भजी बरी मिळतात, चहा म्हणजे पाक. पुढं गावापर्यंत काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की नाही हे ड्रायव्हर ठरवतो.

पहिल्या दिवशी मी टेपनं सभामंडप मोजला: सहा मीटर लांब, चार मीटर रुंद. एका कागदावर आराखडा काढला आणि येईल त्याला पेन्सिल दिली, "तुम्ही बसायचात तिथं ठिपका द्या."

संध्याकाळपर्यंत पहिल्या रांगेत एकोणीस ठिपके. त्यातला एक बाबांचा, व्हिडिओ कॉलवरून, "सगळे एकत्रच बसायचो" म्हणत दिलेला. चार मीटरमध्ये दाटीवाटीनं नऊ पोरं मावतात. मी हे इतिहास समितीचे अध्यक्ष भाऊसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तवा पोरं बारीक राह्यची." त्यांचा स्वतःचा ठिपका बरोबर मधोमध होता.

"आणि शेवटच्या रांगेत?"

"शेवटची रांगच न्हवती. सगळे एकत्र बसायचो, बिलकुल भेदभाव न्हाई."

दुसऱ्या दिवशी बौद्धवस्तीतून कौसाबाई आल्या. साठी ओलांडलेली, आवाज खणखणीत. कागद बघून त्यांनी पेन्सिल परत दिली. "मी ह्यात न्हाई, बाई. आम्हाला देवळात घेत न्हवते. चल, दावते."

त्या उंबऱ्यासमोर अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मी टेप धरला. उंबऱ्यापासून चार मीटर तीस. "फळा दिसायचा न्हाई, खांब आडवा यायचा. पाढे कानानंच पाठ केले."

मी कागदाला खाली दुसरा कागद चिकटवला, ठिपका दिला आणि तिथून फळ्याच्या जागेपर्यंत पट्टी धरली. रेघ खांबातून गेली. दोन दिवसांत मापाला उतरलेली ही पहिली आठवण.

भाऊसाहेब आले. "ही शेपटी कशाला? फ्रेम जालन्याहून करून आणलीय. त्यात बसणार न्हाई."

कौसाबाई म्हणाल्या, "मंग काप की, भाऊ. तवाबी बाहेरच होते."

मी प्रमाण निम्मं केलं आणि पूर्ण नकाशा फ्रेमच्या मापात पुन्हा काढला. अध्यक्ष मोहरीएवढे झाले, पण अंगण आत आलं. भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, "शाळा आत होती, ताई. बाहेरचं दाखवून गावाची शोभा कशाला?" मी म्हटलं, अर्ध्या नकाशावर मी सही करत नाही. सहीशिवाय नकाशा चालला असता. पण अनावरणाच्या पत्रिकेत 'अभियंत्यांच्या हस्ते' छापून बसले होते.

अनावरण झालं. पुरी, वांग्याची भाजी आणि बुंदी उत्तम होती. फ्रेमला झेंडूचा हार घातला होता, नेमका इतका लांब की अंगण झाकलं जावं. कौसाबाई पुढं झाल्या, हार काढला आणि मारुतीच्या गळ्यात घातला. आता त्यांना आत कोण अडवणार? टाळ्या आधी पडल्या, मग लोकांच्या लक्षात आलं.

घरी आल्यावर बाबांना फोटो दाखवला. त्यांनी अंगणातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"कौसा. आमचा पाढा चुकला की बाहेरून ओरडून सांगायची. गुरुजी शाबासकी आम्हाला द्यायचे."

"मग फोनवर सगळे एकत्र बसायचो म्हणालात ते?"

त्यांनी चष्मा पुसला. "तुझ्याकडचा नकाशा पेन्सिलीनंच आहे ना? मला तिसऱ्या रांगेत घे."

घेतलं. पहिल्या रांगेत आता अठरा आहेत. जागा नऊ जणांचीच आहे.